पगडीवर वीतभर

मी जंगलखात्याचा कारकून. ठाण्याहून येऊरच्या रानात मोजणीला गेलो की सावलीसाठी खोपटं बांधायला नेहमी तोच ठाकर येई. मापाला त्याला दोरी लागत नसे. मला जमिनीवर बसवी, पडलेल्या फांद्या भोवतीनं तिरक्या टेकवी आणि माझ्या पगडीवर वीतभर जागा सोडून शेंडे वेलीनं बांधी. "हलू नको, वाकडं होईल," असं दटावी. मला एकेरीत बोलणारा तो एकटाच.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी खोपटात बसल्या बसल्या मी त्याला नवा हुकूम वाचून दाखवला: रानातली काटकीसुद्धा आता सरकारची. त्यानं वेल सोडली आणि एकेक फांदी जिथून आणली होती तिथं नेऊन ठेवली.

डोक्यावर ऊन आलं तसा मी उठू लागलो.

"तू बस," तो म्हणाला. "तुला तर सरकारनंच इथं ठेवलंय."