बाळाचा रुपया

देव चिंचेनं घासते, पण देव्हाऱ्यातल्या रुपयाला चिंच लावत नाही. त्या वासानं कसब्यातली ती सकाळ आठवते.

ह्यांचा घोडा मेला होता आणि घोड्यावाचून शिलेदारी कसली? म्हणून मुलुखगिरीत हौसेनं जमवलेले गावोगावच्या टांकसाळींचे रुपये ह्यांनी विकायला काढले.

"वहिनी, एक ठेवा," सराफ म्हणाले. "हा दुर्मिळ आहे."

मला बाळाचा हवा होता, उष्टावणात ज्यानं त्याला खीर चाटवली तो. रुपयांवरची फारसी अक्षरं मला वाचता येत नव्हती. कुंकवाच्या डागावरून मी तो ओळखत असे. बाळ देवीच्या साथीत गेलं, डाग राहिला होता.

"चांगला भाव यावा म्हणून कालच सगळे चिंचेनं घासलेत," हे कौतुकानं म्हणाले.

मी एकेक रुपया ओठांना लावून पाहिला. सगळेच आंबट लागले. शेवटी डोळे मिटून एक उचलला.