येत्या गुरुवारी

दापोडीत रुळांच्या कडेच्या गल्लीत कोंडाजीला आडनावाने कुणी ओळखत नसे. 'वायंडर' म्हटलं की शेंबडं पोरही त्याच्या दारापर्यंत आणून सोडायचं. करमाळ्याकडून विशीत आलेला हा माणूस पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं विजेच्या मोटारींना तांब्याची तार भरत होता. मोटार जळली की नुसत्या वासावरून कुठला वेढा गेला ते सांगायचा. गल्लीतले पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, सगळ्यांवरून त्याचा हात फिरला होता, आणि तोही बहुतेक वेळा चहाच्या कपावर. त्याच्या स्वतःच्या घरातला पंखा मात्र लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून टकटक करत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तो पंखा त्याने कंपनीच्या भंगारातून उचलून, स्वतः तार भरून लग्नानंतर घरात टांगला होता. वर्षभर गुमान फिरला आणि मग प्रत्येक फेऱ्याला एक टक, असं सुरू झालं. रुक्मिणीबाई म्हणायची, "अहो, ह्यो पंखा खोला की एकदा." कोंडाजी म्हणायचा, "येत्या गुरुवारी." कारखान्याची सुट्टी गुरुवारी. गुरुवार यायचा, आणि गुरुवारी कुणाचा तरी पंप यायचा. असे किती गुरुवार गेले याचा हिशोब नको. शेजारणी तिला चिडवायच्या, की वायंडरची बायको आणि घरचाच पंखा सुतारासारखा ठोकतोय. ती हसायची आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा आठवण करायची. रात्रपाळी करून आलेला कोंडाजी दुपारी त्या टकटकीखाली झोपायचा आणि ती त्याच्या उशाशी तांदूळ निवडत बसायची.

तीन वर्षांपूर्वी रुक्मिणीबाईला विसर पडायला लागला. आधी भाजीत दोनदा मीठ, मग दळणाचा डबा गिरणीतच, मग एक दिवस स्वतःची गल्लीच सापडेना. मुलगा सुजित माण गावातल्या एका कंपनीत होता. त्याने ताथवड्याला नवव्या मजल्यावर घर घेतलं होतं, तिथे तो दोघांना घेऊन गेला. घर चांगलं होतं. हवा होती, उजेड होता, आणि पंखे असे की फिरतात की नाही ते वर बघूनच कळावं. रुक्मिणीबाई मात्र रोज दुपारी पिशवीत लुगडं कोंबून दाराशी उभी राहायची आणि घरी सोडा म्हणायची. सुजितला ती 'साहेब' म्हणायची, सून मंजुषाला 'बाई'. कोंडाजीला ती काहीच म्हणायची नाही. चाळीस वर्षांच्या संसाराने समोर उभं राहावं आणि तिने खिडकीतून बघावं तसं त्याच्या पलीकडे बघावं. एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी न रडलेला माणूस संडासाचा नळ सोडून रडायला शिकला.

जुना पंखा आणायची कल्पना मंजुषाची. सुजित कुरकुरला, पण सुनेचं खरं निघालं. पंखा टांगून बटण दाबलं, टक, टक, टक सुरू झालं, आणि दाराशी उभ्या रुक्मिणीबाईने पिशवी खाली ठेवली. पलंगावर येऊन बसली, वर बघितलं, मग सरळ कोंडाजीच्या डोळ्यांत बघितलं.

"अहो, गुरुवारी खोला बरं का ह्यो."

"येत्या गुरुवारी," कोंडाजी म्हणाला.

तेव्हापासून रोज दुपारी हे एवढंच बोलणं. अख्ख्या दिवसात ती त्याला त्या एका वाक्यापुरती ओळखायची, मग पुन्हा परकी व्हायची. कोंडाजी त्या एका वाक्यावर दिवस काढायचा. बारा वाजले की दाढी करून, धुतलेला सदरा घालून पंख्याखाली जाऊन बसायचा. म्हातारपणी नवरदेव झाला होता बिचारा.

यंदाच्या उन्हाळ्यात पंखा मंदावला. कंडेन्सर उतरला होता, बेअरिंग कोरडं पडलं होतं, मोटार हाताला चटका देत होती. आज ना उद्या तो बंदच पडणार. मंजुषा म्हणाली, "बाबा, कंडेन्सर आणि बेअरिंग तेवढं बदला. आवाजाला हात लावू नका." शहाणी मुलगी. पण कोंडाजीच्या मनात वेगळंच शिजत होतं. ही बाई सगळं विसरली, पोटचं पोर विसरली, आणि लक्षात राहिलं ते एकच, नवऱ्याने न पाळलेला शब्द. तोच तिच्या मनात काट्यासारखा रुतून बसला असेल. तो काढला तर तिचा जीव निवेल, कोण जाणे, बाकीचंही काही परत येईल. तो सुनेला म्हणाला, उघडलेलं मशीन दोष ठेवून बंद करायला माझा हात शिकलेला नाही.

मुद्दाम गुरुवार धरला. गॅलरीत पेपर अंथरून त्याने पंखा खाली घेतला. रुक्मिणीबाई शेजारी खुर्चीवर बसून बघत होती. तीन पाती सुटी करून त्याने साबणाच्या पाण्याने धुतली, तेव्हा दापोडीचं काळं कीट बादलीभर निघालं. खोलताना निघणारे स्क्रू त्याने तिच्या ओंजळीत दिले आणि तिने ते मूठ आवळून जपले. झाकण उघडलं, तर आत त्याने स्वतः भरलेली तार अजून तांबूस होती, एक वेढा हललेला नव्हता. कंडेन्सर बदलला, बेअरिंग ओढून काढून नवं बसवलं, ग्रीस भरलं. मग एकेक पातं हातात घेऊन हलवून बघितलं. दुसऱ्या पात्याची पट्टी हलली. एक रिवेट ढिली. एवढंच.

हातोडीचे दोन ठोके. लोखंडाच्या तुकड्यावर धरून त्याने दोन ठोके घातले आणि टकटक संपली. दोन ठोक्यांचं काम चाळीस वर्षं ठेवलं म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"झालं का?" रुक्मिणीबाईने विचारलं. "झालं गं." "च्या टाकू का तुमाला?" असं ती म्हणाली, तेव्हा कोंडाजीला वाटलं, काटा निघाला. तो एवढा खूश झाला की स्क्रू मागून घ्यायचेच विसरला. मागितले तेव्हा ती मूठ उघडेना आणि दोघंही हसली.

पंखा वर गेला. बटण दाबलं. वारा भरपूर आला आणि आवाज अजिबात आला नाही. कोंडाजी पलंगावर तिच्या शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती वर बघत होती, कान देऊन, कुणीतरी जिन्यावरून येणार असल्यासारखी. बराच वेळ बघून तिने नजर खाली आणली आणि मंजुषाला हळूच विचारलं, "बाई, ह्ये कुणाचं घर हाय?" मग उठून पिशवी शोधायला लागली.

कोंडाजीने आठ दिवस वाट बघितली. "गुरुवारी खोलला बघ मी पंखा," असं तो तिला परत परत सांगायचा. ती हात जोडून नमस्कार करायची, घरी आलेल्या पाहुण्याला करतात तसा. शेवटी त्याने तेही केलं जे कुठल्याच कारागिराने केलं नसेल. नीट झालेलं पातं उतरवून कानशीने रिवेट घासली, पट्टी ढिली केली, पुन्हा टांगलं. खडखड आली. उतरवलं, घट्ट केलं, पुन्हा टांगलं. नुसती घरघर आली. पुरतं घट्ट केलं, तर आवाजच गेला. दोष काढायला त्याला दोन ठोके लागले होते, आणि घालायला सगळं आयुष्य दिलं असतं तरी तो येत नव्हता. आपल्या हातांनी आपण तिच्या आठवणीतलं शेवटचं दार लावून घेतलं, हे त्याला आता पक्कं कळलं होतं.

पुढच्या गुरुवारी दुपारी तो पुन्हा स्टुलावर चढला. हातात पाना होता. मागून रुक्मिणीबाईचा आवाज आला, कित्येक दिवसांनी असा ठणठणीत.

"ओ भाऊ, उतरा खाली. त्या पंख्याला हात लावू नगा."

कोंडाजी वळला.

"आमचं मालक वायंडर हायेत कंपनीत. दुसऱ्या कुनाचा हात चालत न्हाई त्यास्नी. येत्या गुरुवारी सोता खोलनार हायेत. शब्द दिलाय त्यांनी मला."

कोंडाजी सावकाश स्टुलावरून उतरला, पाना सदऱ्याच्या खिशात घातला आणि पंख्याचं बटण दाबलं. मग त्याने विचारलं, "कधी येत्यात मालक?"

"फस्ट शिफ्टला गेल्यात. साडेतीनला सुटंल." तिने घड्याळाकडे बघितलं आणि तिला दया आली असावी. "बसा की तवर. भेटूनच जावा. लई गुणाचा मानूस हाय."

कोंडाजी पलंगाच्या कडेला, पाहुण्याने बसावं तसा अंग चोरून बसला. ती पलीकडे बसली. डोक्यावर पंखा आवाज न करता फिरत होता, आणि दोघं दाराकडे बघत कोंडाजीची वाट बघत राहिली.