चोख गेलो

सुनेच्या भाषेला मी हसलो, ही माझी चूक. गच्चीसमोरच्या चिंचेवर पावशा ओरडत होता. त्याचं ‘पेर्ते व्हा’ मी लहानपणापासून ऐकत आलोय. झुमा बंगालची. चहा गाळताना ती म्हणाली, “आमच्याकडे हा ‘चोख गेलो’ म्हणतो.”

“चोख गेला? म्हणजे वाटेत कुठे चुकला नाही तर!” असं म्हणून मी माझ्याच विनोदावर खूप हसलो.

ती हसली नाही. “बाबा, चोख म्हणजे डोळा. डोळा गेला, असं ओरडतो तो. माझ्या वडिलांना हल्ली दिसत नाही ना. ते खिडकीतून त्याला सांगतात, माझाही गेला रे.”



पक्षी तोच, सूरही तेच. आमच्या माणसांचं मन शेतात, म्हणून त्यांना पेरणी ऐकू आली. तिकडे कुणाला त्याच सुरांत आपलं दुखणं सापडलं. इतकी वर्षं मी त्याला एकाच कानाने ऐकलं. दुसरा कान या मुलीने मला दिला, आणि मी तिलाच हसलो.

आज सकाळी तो ओरडला तेव्हा झुमा वडिलांशी फोनवर बोलत होती. मी फोन मागून घेतला आणि खिडकीबाहेर धरला. पलीकडे ते हसले. झुमा शेजारीच उभी होती. फोन कानाला लावून मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, “भाईसाब, कल हम आपके पक्षी को हँसे. माफ करना.”