परडीतला ट्युलिप

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले मालवणी काका रोज सकाळी परडी घेऊन खाली उतरतात आणि कुणाच्याही कुंडीतली फुलं पूजेसाठी खुडतात. हटकलं तर म्हणतात, "देवाक कसली परवानगी रे?"

मी फ्रिजमधल्या भाज्या हाकलून ट्युलिपचे कंद थंड केले, कुंडीत बर्फ घातला, बायकोचे टोमणे ऐकले. अखेर एकच फूल उमललं. ते वाचवायला मी उजाडल्यापासून बनियनवर कुंडीशेजारी पहारा देत बसलो.

काका आले, वाकले, फूल हुंगलं. "ह्येका वास नाय. देवाक काय उपेगाचा?" म्हणाले आणि मी कधी पाणीही न घातलेल्या मोगऱ्याची फुलं खुडून निघाले.

ट्युलिप वाचला होता. तरी मी "अहो काका, घ्या ना!" म्हणत त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेलो.