गल्लीचं लॅमिनेशन

मुलगा कॅनडाला गेला, त्या पहिल्या वर्षी एकदा फोनवर म्हणाला, "आई, आपली गल्ली काढून पाठव ना. फोटो नको, तू काढलेली हवी." एवढंच म्हणाला आणि मी कामाला लागले. घरात एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाईला काम सांगताना माणसाने जरा विचार करावा.

ऑइल पेस्टलची मला जुनी हौस. रंग बोटाने पसरवता येतो, ब्रश धुवायची कटकट नाही. रोज स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल टाकून बसायचे. समोर आमची उल्हासनगरची गल्ली. खाली जीन्स शिवायचा कारखाना, त्याच्या दारात चिंध्यांचा ढीग, वर गच्चीत सिंधी काकूंनी वाळत घातलेले पापड. निळा खडू चिंध्यांतच संपला, दुसरा आणला. तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत मी घरात बोलले ती त्या चित्राशीच. पापड पापडांसारखे दिसेनात म्हणून त्यांना शिव्याही घातल्या.

हे रंग कधी पुरते वाळत नाहीत, हात लागला की पसरतात. चित्राला एवढ्या लांब जायचं होतं. मग मार्कशीटपासून देवाच्या फोटोपर्यंत आपण सगळ्याला जे करतो तेच केलं. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनला दिलं.

मशीनमधून कागद बाहेर आला तेव्हा पापड वितळून चिंध्यांत गेले होते. तेलामेणाचे रंग, गरम रोलरखाली दुसरं काय होणार? इतकी वर्षं हे खडू वापरते, आणि नेमकं त्या दिवशी डोकं घरी ठेवून गेले.

"आंटी, तुम्हीच बोललात ना, पक्का करून द्या," दुकानदार म्हणाला. "इसमें मेरी क्या गलती?"

चूक माझी होती, तरी त्यालाच चार शब्द सुनावले. घरी येऊन रडले.

संध्याकाळी धीर करून मुलाला फोन लावला. हिरमुसेल बिचारा, असं वाटत होतं. पुन्हा काढते, महिनाभर थांब, हे सांगायचंही ठरवलं होतं. घडलं ते सगळं एका दमात सांगून टाकलं.

"कुठलं चित्र, आई?"

तो खरंच विसरला होता. माझ्यावर चिडला असता तर मला किती बरं वाटलं असतं.

"काही नाही रे," मी म्हटलं. "जेवलास का?"

"आई, इकडे सकाळ आहे."