न पेटलेल्या पाचटाची राख

आमच्याकडं ऊस तुटला की रानात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवतात आणि मग दोन दिवस साऱ्या वस्तीवर काळी राख भुरभुरत राहते. दोरीवरचं धुणं, ताटातली भाकरी, काही सुटत नाही. त्यामुळं गेल्या माघात एका सकाळी डोळ्यांपुढं काळे तुकडे उडायला लागले, तेव्हा मला नवल वाटलं नाही, राग आला. शेजारचं रान धाकट्या दिराचं. माझं धुणं बघूनच हा काडी लावतो, असं मी गावभर सांगितलेलं.

धुणं आत आणलं, खिडक्या लावल्या. तरी घरात तुकडे तरंगतच होते. धरायला जावं तर निसटत, मान वळवली की मागोमाग येत. पांढऱ्या भिंतीवर तर जास्तच. बंद घरात राख येते कुठून? अंगण पुन्हा झाडलं, तर सुपलीत नुसती माती. चौसष्टाव्या वर्षी मी खुळी झाले की काय! दुपारी डाव्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. बाहेर डोकावले, तर आभाळ निरभ्र. काय समजावं? मला एखादी गोष्ट उमगली नाही की माझा पारा चढतो. तशीच तडक बांधावर गेले.

"भावजी, जरा तरी लाज? धुणं बघून काडी लावता?"

"आवं वैनी, कशाला लावू? माझा ऊस अजून उभा हाय की."

खरंच उभा होता, हिरवागार. धूर कुठंच नव्हता. आणि बोलणाऱ्या दिराच्या तोंडापुढूनही राख उडत होती.

"मग ही काय?"

"कुटं काय?"

घाबरून सगळं सांगून टाकलं. दीर फौजेत होता. तो म्हणाला, "नेम धरत्यात तसा एक डोळा झाका बघू."

डावा झाकला. राख गायब. उजवा झाकला, तर राखच राख, आणि कडेनं एक काळी सावली वर येत असलेली.

"वैनी, राख तुमच्या डोळ्यात हाय. बसा गाडीवर, सांगलीला जाऊ."

धुणं तसंच पडलंय, म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतारवयात एखाददुसरा ठिपका पुष्कळांना दिसतो, त्याचं काही नसतं. पण एकाएकी इतके ठिपके, चमक आणि कडेनं सावली म्हणजे डोळ्याचा आतला पडदा सुटतोय, उद्यावर ढकलायचं नाही. "लगेच आलात हे बरं केलंत."

"लगेच कुठली येतेय! भांडायला निघाले होते," मी म्हटलं.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, म्हणून आठवडाभर तोंड खाली करून पडायचं होतं. दीर रोज यायचा, मला दिसायची फक्त त्याची पावलं. नजर कितपत परत येईल, ते डॉक्टरीणबाईही सांगेनात. मला फार भीती वाटत होती. त्या पावलांकडं बघतच एकदा म्हणाले, "भावजी, चुकलं माझं."

"गप पडा, वैनी. डोळा बरा हू द्या, मग पोटभर भांडू."

आयुष्यात पहिल्यांदाच मी भांडण व्हावं म्हणून देवाला हात जोडले.