स्टॅनची बंदूक स्वच्छ होती

आमच्या नेमबाजी क्लबात कुणी नवा माणूस आला की त्याला लुमीर क्वापिल पहिल्यांदा पाठमोरा आणि ओणवाच दिसतो. गवतातून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचत असतो. खरं तर क्लबाचा नियम असा, की जमिनीवर पडली ती पुंगळी क्लबाची. पण लुमीर वाकला की अध्यक्ष मायलो ढग बघायला लागतो. कारण ती पुंगळी पुन्हा भरून शेवटी आपल्याच खिशात येणार हे मायलोला ठाऊक असतं. नेब्रास्काच्या या कोपऱ्यातली निम्मी म्हातारी मंडळी लुमीरनं भरलेल्या काडतुसांवर नेम धरतात.

बायको गेल्यापासून त्याचं घर म्हणजे खरं तर तळघरच. तिथं लाकडी टेबलाला त्याचं यंत्र बसवलेलं आहे. दांडा खाली ओढला की पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देऊन जळलेली जुनी टिकली बाहेर, नवी आत. मग दारू, मग प्लास्टिकचं बूच, मग छर्रे, आणि शेवटी तोंड दुमडून बंद. मी एकदा म्हणाले, "लुमीर, हे तर कोलाच्यांच्या पावांत गोड सारण भरल्यासारखंच आहे." तर दोन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही. मी क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळते, माझ्या बोलण्याला इतकं मनावर घ्यायची गरज नव्हती. पण काडतुसांची थट्टा त्याला खपत नाही.

त्याचं म्हणणं, प्रत्येक बंदुकीला आपापलं पोट असतं. दुनळी काहीही पचवते. सेमी-ऑटोमॅटिक मात्र नखरेल. काडतूस जरा कमजोर निघालं की ती रिकामी पुंगळी फेकत नाही, पुढचं काडतूस वर घेत नाही, रुसून बसते. स्टॅन ब्राबेकची बंदूक तसली होती, आणि तिच्यासाठी लुमीर वेगळी काडतुसं भरायचा. दोघं शाळेपासूनचे. स्टॅन डावीकडे उभा राहायचा, लुमीर उजवीकडे, आणि स्टॅनची बंदूक प्रत्येक बाराला गरम पुंगळी लुमीरच्या अंगावर उडवायची.

"अरे, मान भाजली की माझी!"

"मग तिकडं सरक ना."

"सरकलो तर पुंगळी गवतात पडेल. क्लबाची होईल."

असं जन्मभर चाललं होतं. स्टॅन दर रविवारी चर्चमधून आला की ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बंदूक खोलायचा, पुसायचा, तेल द्यायचा. व्लास्ता, त्याची बायको, करवादायची, "माझ्या कोलाच्यांना तेलाचा वास येतो, ऊठ!" तो उठायचा नाही. शेवटी आजारात हाताला थरथर सुटली तेव्हा तो नुसता सांगायचा आणि पुसायची व्लास्ता. हे लुमीरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्यासमोर पाहिलं होतं.

गेल्या वसंतात स्टॅन गेला. जाताना सांगून गेला, की निम्मी राख आईबापांशेजारी पुरा, निम्मी काडतुसांत भरा. भरायची लुमीरनं, बार काढायचे व्लास्तानं, त्याच्याच बंदुकीतून, क्लबाच्या मैदानावर. आमच्याकडे याआधीही दोघातिघांनी असं करून घेतलंय. पाद्रीबाबांनी उरलेल्या निम्म्याबद्दल विचारलं नाही, आणि आम्हीही सांगायला गेलो नाही.

व्लास्ता लुमीरला म्हणाली, "मी शेजारी बसते, डबे हातात देते."

"नको. मला माझं काम येतं."

राख त्यानं यंत्रात घातली नाही. यंत्राच्या नळकांड्यात कण राहतात, आणि ते मग बाकीच्यांच्या काडतुसांत जातात. स्टॅन असा गावभर थोडा थोडा वाटला जाणं त्याला पटेना. म्हणून यंत्र बाजूला ठेवून त्यानं एकेक काडतूस हातानं भरलं, आईच्या चांदीच्या चमच्यानं. पण यंत्र दांड्यासरशी दारू आपोआप सोडतं. हाताला ती आठवणीनं घालावी लागते, आणि लुमीरची सगळी आठवण त्या दिवशी राखेपाशी होती.

ठरलेल्या शनिवारी सारा गाव लोटला. मंडळी कानांत बोळे घालून दोरीमागे उभी होती. पुढं चौथऱ्यावर व्लास्ता, तिला काडतुसं द्यायला शेजारी लुमीर, नवा सूट घालून. माझ्या हातात व्लास्तासाठी कॉफी, म्हणून मी त्यांच्या पाठीशीच.

व्लास्तानं बंदूक खांद्याला लावली. "सोड!"

मातीची चकती सुटली. व्लास्तानं चाप ओढला, आणि आवाज आला फुस्स. कुणी तरी सोड्याची बाटली उघडावी तसा. नळीच्या तोंडातून राख आणि छर्रे भसकन खाली आले, थोडी राख तिच्या काळ्या बुटांवर पडली. चकती धडधाकट पुढं गेली आणि शेतात आपटून फुटली.

आता हा आवाज जवळून ऐकला तर आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं; दोरीमागे, बोळे घातलेल्या कानांना मात्र तो धड पोचला नसणार. फुस्स आवाज म्हणजे आत दारू नव्हती. नुसती टिकली पेटली, आणि बूच नळीत अडकलेलं असू शकतं. अशा वेळी सगळ्यांनी थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचं. न बघता मागून दुसरा बार काढला तर नळी फुटते, आणि नळीखाली धरलेला हात जातो. मायलोच्या एका चुलत्याला डाव्या हाताची बोटं नाहीत ती यामुळेच. दुसऱ्यांना हा नियम शिकवणारा माणूस कोण, तर लुमीर.

आणि लुमीर मोठ्यानं, मागं ऐकू जाईल असं म्हणाला, "बंदूक घाण आहे. आजारपणात स्टॅनकडून साफ झाली नसणार. हातानं खटका मागं ओढून पुंगळी टाक, व्लास्ता, आणि पुढचा बार काढ."

मायलो मागे खुर्चीतून अर्धवट उठला होता. व्लास्ता थांबली होती. तिनं लुमीरकडे पाहिलं. लुमीर बुटांवरच्या राखेकडे पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मग तिनं शांतपणे बंदूक रिकामी केली, नळी काढून डोळ्याशी धरली, आभाळाकडे केली. बराच वेळ बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं, की तिला आभाळ दिसत नाहीये.

नळी खाली घेऊन ती लोकांकडे वळली आणि म्हणाली, "हो, घाण आहे. आज नको. चला, जेवून घ्या सगळे."

स्वयंपाकघरात आल्यावर तिनं दाराला कडी लावली आणि माझ्याकडे लांब सळई मागितली. आम्ही दोघींनी मिळून बूच ठोकून बाहेर काढलं. ते फरशीवर पडलं, आत चिमूटभर राख होती. ती तिनं रुमालात घेतली. आतून नळी पुसून पाहिली तर लख्ख.

माझं डोकं सणकलं. "अगं, त्यानं तुला पुढचा बार काढायला सांगितलं!"

"ऐकलं मी."

"हात गेला असता तुझा."

"माहीत आहे, एमिली. चाळीस वर्षं या माणसांच्या नेमबाजीपायी जेवणं तिष्ठत ठेवलीयेत, मला तो आवाज कळत नाही होय?"

"मग खोटं का बोललीस?"

"सगळ्या गावासमोर त्याचं काय झालं असतं? तोच सांगेल. तू बोलू नकोस."

तो कसला सांगतोय! त्या दिवशी उरलेल्या काडतुसांची पेटी काखेत मारून तो न जेवता घरी गेला, आणि नंतर क्लबात फिरकलाच नाही. लोकांना वाटलं, राख सांडली म्हणून बिचारा खजील झालाय. जो तो त्याची समजूत घालायला त्याच्या दारात. "तुझा काय दोष, लुमीर? बंदूकच गंजलेली." थट्टाही झाली, की स्टॅनला लांबचा प्रवास कधी मानवलाच नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण मग बोलणं दुसरीकडे वळलं. शेवटी शेवटी स्टॅन गबाळा झाला होता. शेवटी त्याला कशाचं भान नव्हतं. एक दिवस मायलो माझ्याच काउंटरवर टेकून म्हणाला, "एवढा टापटिपीचा माणूस, आणि बंदुकीची ही दशा!" मागं व्लास्ता कोलाचे घेऊन उभी होती. तिनं परात ठेवली आणि निघून गेली.

मी त्याच दुपारी लुमीरच्या दारात उभी राहिले. हातात सूप होतं, पण ते निमित्त. तो मला तळघरात घेऊन गेला. टेबलावर ती उरलेली काडतुसं चिरून ठेवलेली होती. काहींत दारू होती, काहींत नव्हती. राख मात्र त्यानं सगळी चाळून, छर्रे वेगळे काढून, एका स्वच्छ बरणीत भरली होती.

"एवढी तिला नेऊन दे," तो म्हणाला.

"मी पोस्टमन नाही. तू दे."

तो स्टुलावर बसला. "आवाज मी तिच्या आधी ओळखला, एमिली. 'थांब' म्हणायलाच तोंड उघडलं होतं मी. आणि भलतंच बाहेर आलं. आल्यावर परत घ्यायला वेळ होता. तिनं माझ्याकडे पाहिलं तेवढा वेळ होता. मी घेतलं नाही."

"मग सांग हे सगळ्यांना."

"कसं सांगू?"

"तोंडानं. ज्या तोंडानं ते सांगितलंस त्याच तोंडानं."

"दारू विसरलो हे सांगेन. उद्याच सांगेन. हसतील, हसू देत. पण ते दुसरं..." त्यानं चेहरा हातांत लपवला. म्हातारा माणूस असा रडताना बघायला मला आवडत नाही. सूप तिथंच ठेवून मी वर आले. कीव येत होती, आणि राग जात नव्हता.

शरद ऋतूत, हंगाम संपला की क्लबात सगळ्यांचं जेवण असतं. डुकराचं मटण, आंबट कोबी, पिठाचे उकडलेले गोळे, खसखशीचे कोलाचे. लुमीर आला. तोच सूट, हातात बरणी. लोकांनी टाळ्या वाजवून त्याचं स्वागत केलं, आणि त्यामुळे तो आणखीच आक्रसला. व्लास्ताच्या पानासमोर त्यानं बरणी ठेवली आणि उभाच राहिला. हळूहळू बोलणी थांबली.

"स्टॅनची बंदूक स्वच्छ होती," तो म्हणाला. "दारू घालायला मी विसरलो."

दोनचार जण हसले. मायलो ओरडला, "अरे, मग आधी सांगायचंस! बस, जेव!"

"थांब मायलो. मी आवाज ओळखला होता. बूच अडकलं असेल हे मला माहीत होतं. तरी मी तिला पुढचा बार काढायला सांगितलं. माझी चूक दिसू नये म्हणून."

आता कुणी हसलं नाही. चमचे खाली ठेवल्याचे आवाज तेवढे झाले. मायलोचा चुलता समोरच बसला होता, तो आपल्या पानाकडे बघत राहिला. लुमीर तिथं उभा होता आणि त्याला कुणी बस म्हणेना. मीही म्हटलं नाही.

शेवटी व्लास्ता बोलली. "स्टॅनचं तेवढं सांगायला तुला अख्खा उन्हाळा लागला रे."

"हो."

"माझ्याकडे बघ."

त्याची मान वर होईना. तेव्हा तिनं शेजारची खुर्ची पायानं सरकवली, त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं, आणि आपला डावा हात त्याच्यापुढे टेबलावर पालथा ठेवला. सुरकुतलेला, अंगठी घातलेला, पाचही बोटं जागच्या जागी.

"हा आहे ना अजून? मग जेव," ती म्हणाली.

मी ताट वाढून आणलं. त्यानं ते घेतलं, काटा उचलला, पण घास काही घेतला नाही. व्लास्ता हात काढत नव्हती, आणि त्याला त्या हाताकडे बघवत नव्हतं.